वशिल्याच्या गोळ्या

मुजावरमामांनी सात कबुतरं सोडली आणि मी वर बघून चौदा मोजली.

मोजली म्हणजे मोठ्याने जाहीर केली. मी पंच होतो. आमच्या जयसिंगपुरात कबुतरं उडवायच्या स्पर्धा होतात. सकाळी पाखरं सोडायची, आणि ज्याची पाखरं जास्त वेळ वर टिकतील तो जिंकला. पंचाने मालकाच्या गच्चीवर दिवसभर मान वर करून बसायचं आणि अधूनमधून आकडा सांगायचा. काम सोपं. चहा मालकाचा, आणि मान अवघडली तर ती आपली. कित्येक वर्षं मी हे करत होतो आणि माझ्या आकड्याला कुणी हरकत घेतली नव्हती. त्या दिवशी मुजावरमामांनीही घेतली नाही. सत्तरीचा सज्जन माणूस. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि समोरच्या गच्चीवरून विरुद्ध पार्टीचा आरडाओरडा सुरू झाल्यावर शांतपणे म्हणाले, "पंचाचा निर्णय शेवटचा असतोय."

मग त्यांनी माझ्यापुढे चहा धरला. एका हातात दोन कप. मी हात घातला तो नसलेल्या कपाला. चहा सांडला, मी ओशाळलो, आणि सावरून बसायला गेलो तो नसलेल्या खुर्चीवर बसलो.

डोकं त्याआधी महिनाभर दुखत होतं. पण मी छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायचो, आणि लग्नसराईत त्या धंद्यात डोकं न दुखणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. मी चष्मा बदलला. पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. पद्माने, म्हणजे बायकोने, कपाळाला बाम चोळून चोळून कपाळ गुळगुळीत केलं. वजन उतरत होतं त्याबद्दल तर चार लोकांनी अभिनंदनही केलं.

गच्चीवरून मला खाली आणलं ते थेट मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टर तस्नीम बागवान होत्या. लहानखुऱ्या, तिशीच्या आतबाहेरच्या, कायम चालता चालता बोलणाऱ्या. त्यांनी मला कुशीवर वळवून पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं. पाणी जोरात आलं म्हणे. मला ते दिसलं नाही, पण डोक्यावरचं पोतं कुणीतरी खाली उतरवल्यासारखं झालं एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी त्या येऊन चक्क माझ्या पलंगावर बसल्या. उभ्याने बोलणारा डॉक्टर बसला की समजावं.

"काका, दोन गोष्टी आहेत."

"मला सध्या प्रत्येक गोष्टीच्या दोन दिसतात," मी म्हणालो. "म्हणजे चार झाल्या."

त्या हसल्या नाहीत. पण हातातलं पेन थांबलं.

पहिली गोष्ट अशी की माझ्या मेंदूच्या आवरणात बुरशी वाढली होती. लोणच्यावर येते ती नव्हे, तिची चुलत बहीण. ती कबुतरांच्या विष्ठेत असते, मातीत असते, श्वासाबरोबर कितीतरी जणांच्या छातीत जाते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. अंगातले शिपाई तिला दारातच गाठतात. माझ्या दारात शिपाई नव्हते. ते का नव्हते, ही दुसरी गोष्ट. मला एचआयव्ही होता, आणि बऱ्याच वर्षांपासून असावा.

तो कुठून आला याबद्दल गावाने नंतर बरंच संशोधन केलं. मी इथे सांगणार नाही. मी ते त्याच संध्याकाळी पद्माला सांगितलं, आणि आता ते तिचं आहे.

तिने ऐकून घेतलं. स्वतःची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ निघाली. आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. सेवा बंद केली नाही. पेज, कपडे, पाठ पुसणं सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलायचं असलं की ती माझ्या उशाशी उभ्या असलेल्या सलाईनच्या स्टँडशी बोलायची. "त्यांना विचारा, पेज आणखी पाहिजे काय?" स्टँड अर्थात काही विचारत नसे. मी परस्पर उत्तर द्यायचो, तेही स्टँडला. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. इतका विश्वासू मध्यस्थ आम्हाला तोवर लाभला नव्हता.

उपचार सुरू झाले. पिवळसर औषधाची बाटली, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली. ती चढायला लागली की अशी हुडहुडी भरायची की पलंग जागचा हलायचा. अधूनमधून पाठीतून पाणी. आणि एचआयव्हीच्या गोळ्या?

"त्या महिना-सव्वा महिन्याने," डॉक्टर बागवान म्हणाल्या. "आधी बुरशी मारू. घाई करायची नाही."

हे वाक्य माझ्या मेहुण्याने ऐकलं, आणि इथून गोष्टीला तोंड फुटलं.

पद्माचा धाकटा भाऊ सुकुमार मगदूम. आईबापांनी नाव बारशाला ठेवलं होतं, तेव्हा त्यांना पुढचा अंदाज नव्हता. दारातून आत यायचा तर आधी पोट यायचं, मग थोड्या वेळाने सुकुमार. त्या दिवसांत मला तर दोन दोन सुकुमार दिसायचे, आणि वॉर्ड लहान होता. पण मनाने लोण्याचा गोळा. माझा आजार कळल्यावर नातेवाईक पलंगापासून दोन हात लांब उभे राहायला लागले, तेव्हा हा गडी येऊन माझ्या ताटातला पापड खाऊन गेला.

त्याचा एकच दोष होता. आयुष्यात कुठलीही गोष्ट नंबर लावून मिळवायची नाही, हे त्याचं व्रत होतं. गॅसचं कनेक्शन, पोराची शाळा, देवळातलं दर्शन, सगळं फोनवर. एकदा तर त्याने रक्तदान शिबिरात वशिला लावून पहिला नंबर मिळवला होता. त्याच्या हिशेबाने जगात दोनच प्रकारचे लोक होते, रांगेत उभे राहणारे आणि ज्यांना रांग कुठे आहे हेच माहीत नसतं ते.

"महिना-सव्वा महिना म्हणजे काय?" तो म्हणाला. "माणूस इथं मराय लागलाय आन् ह्यास्नी मुहूर्त बघायचाय. दाजी, तुमी काळजी करू नगा. मी लावतो फोन."

त्याने फोन लावले. नगरसेवकाला लावला, नगरसेवकाने वरच्याला लावला, वरच्याने आणखी वरच्याला. शेवटी वरून कुणीतरी डॉक्टर बागवानांना विचारलं की पेशंट आपला आहे, गोळ्या का अडवल्या. बाईंनी फोनवर दोन मिनिटं समजावून सांगितलं आणि राउंडला निघून गेल्या. सुकुमारला त्यातून एवढंच कळलं की बाई फार वरच्या ओळखीची आहे.

मला स्वतःला काय वाटत होतं? मला जगायचं होतं. यात विनोद करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तो केला नाही. शेजारचा पलंग त्या आठवड्यात रिकामा झाला होता. तिथल्या माणसाला दुपारी घरी नेलं, पण ज्या पद्धतीने नेलं ती मला आवडली नाही. शिपाई संपलेत, शिपाई परत आणायच्या गोळ्या कपाटात आहेत, आणि डॉक्टर म्हणतेय थांबा. मी सुकुमारला म्हणालो, बघ काही जमतंय का.

जमलं. तिसऱ्या दिवशी तो आला तो दुसऱ्या गावच्या कुठल्याशा ओळखीच्या डॉक्टरकडून प्लास्टिकची पांढरी डबी घेऊन. शिखरजीच्या यात्रेचा प्रसाद आणावा तशी दोन्ही हातांत धरून. आत महिनाभराच्या गोळ्या होत्या. त्याने डबी पद्माच्या हातात दिली आणि दबक्या आवाजात, म्हणजे फक्त तीन वॉर्डांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, सांगितलं, "आक्का, रोज जेवणानंतर एक. डॉक्टरणीला कळू द्यायचं न्हाई."

पद्माने डबी पिशवीत टाकली आणि स्टँडला सांगितलं, "त्यांना म्हणावं, आजपासून रात्री गोळी आहे."

त्या रात्रीपासून जेवण झालं की ती तळहातावर गोळी घेऊन पुढे करायची. मला तळहातावर दोन दिसायच्या. त्यातली खरी कोणती हे चाचपून ठरवावं लागे.

आणि काय सांगू, गुण आला. आठवडाभरात डोकं हलकं झालं. भूक लागायला लागली. सुकुमार एकच दिसायला लागला, तोही पुरेसा होता. मी डोळे मिटले की मला ते शिपाई दिसायचे, नवे कोरे, खाकी चड्डीतले, वशिल्याने भरती झालेले आणि त्यामुळेच जास्त जोमाने काम करणारे. सुकुमार तर वॉर्डात लग्नघरातल्या यजमानासारखा हिंडायचा. इतर पेशंटांच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन म्हणायचा, नंबर लावून कुणाला काही मिळालंय का आजवर, आमचे दाजी बघा. डॉक्टर बागवान राउंडला आल्या की तो तोंडावर हात ठेवून हसायचा. त्या माझे डोळे तपासायच्या, "छान," म्हणायच्या, आणि जाताना एकदा पद्माकडे बघायच्या. मला वाटायचं, बाईंना शंका आलीय.

मला घरी सोडलं. घरी बोलण्याचं काम स्टँडकडून भिंतीवरच्या घड्याळाकडे आलं. बुरशीच्या गोळ्या चालू होत्या, रात्रीची सुकुमारी गोळी चालू होती. ठरलेला महिना-सव्वा महिना भरल्यावर डॉक्टर बागवानांनी बोलावून सरकारी गोळ्या दिल्या. सुकुमारची डबी तोवर संपलीच होती. तो म्हणाला, आता खा सरकारी, पाया आपण भक्कम घातलाय.

पंधरवडा बरा गेला. मग एका सकाळी ताप आला, आणि डोक्यावर ते जुनं पोतं पुन्हा येऊन बसलं. दुपारपर्यंत घड्याळं दोन झाली. पद्मा कुठल्या घड्याळाशी बोलतेय ते मला कळेना.

पुन्हा इस्पितळ, पुन्हा तोच वॉर्ड, पुन्हा कुशीवर वळून पाणी. आणि पुन्हा दोन सुकुमार, या वेळी दोघेही भडकलेले.

त्याने डॉक्टर बागवानांना वॉर्डाच्या मधोमध गाठलं. त्याच्यापुढे त्या म्हणजे ट्रकपुढे उभी केलेली सायकल. पाठीशी दोन कार्यकर्तेही आणले होते. सगळे पेशंट उठून बसले. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांना नातेवाइकांनी उठवून बसवलं.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि मला, खोटं कशाला बोलू, ते पटत होतं. त्याच्या गोळ्यांवर दाजी महिनाभर खडखडीत होते. सरकारी गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत माणूस पुन्हा आडवा. तेव्हा एक तर गोळ्या बोगस, नाहीतर डॉक्टर. कागद वरपर्यंत जाईल, बदली होईल, पेपरात येईल. डॉक्टर बागवान खिशात हात घालून ऐकत होत्या. त्याचा दम संपल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून मलाच सांगितलं.

"काका, पाण्याची तपासणी आली. त्यात बुरशी उगवली नाही. म्हणजे ती मेली आहे. पण मेलेल्या बुरशीचा कचरा अजून डोक्यात पडलाय. गोळ्यांनी तुमचे शिपाई परत आले, त्यांनी तो कचरा बघितला, आणि त्यांना वाटलं शत्रू. आत्ता त्यांची मढ्यांशी मारामारी चाललीय. त्या मारामारीने सूज आलीय आणि सुजेनं डोकं दुखतंय. पाणी काढू, सूज उतरवायचं औषध देऊ, उतरेल. आणि या गोळ्या बंद करायच्या नाहीत."

"शिपाई तर माझ्या गोळ्यांनी महिन्यामागंच आल्ते," सुकुमार म्हणाला. "तवा का न्हाई दुखलं?"

डॉक्टर बागवानांनी पद्माकडे पाहिलं. "वहिनी, सांगायचं का आता?"

पद्मा पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिने पिशवीतून चिवड्याचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि भावापुढे धरला. चिवडा नव्हता. त्यात सुकुमारची पांढरी डबी होती. त्याने ती उघडली. गोळ्या काठोकाठ. एकीलाही हात लागला नव्हता.

वॉर्डात इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज यायला लागला. एरवी तो पंखा बंदच आहे अशी आमची समजूत होती.

"मग दाजी रोज खात काय हुते?" सुकुमारने विचारलं.

"ताकदीच्या," पद्मा म्हणाली. "डॉक्टरांनीच दिल्या होत्या. तू डबी आणलीस त्याच दिवशी मी बाईंना नेऊन दाखवली."

म्हणजे तळहातावर मला दोन गोळ्या दिसायच्या, आणि त्यातली खरी एकही नव्हती. ज्या खाकी चड्डीतल्या शिपायांचं मी डोळे मिटून संचलन बघत होतो, ते भरतीच झाले नव्हते. मला बरं केलं होतं त्या काळ्या कागदातल्या बाटलीने, आणि मी गुण गायले होते चिवड्याच्या डब्याचे.

डॉक्टर बागवान सुकुमारजवळ गेल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून बोलल्या. "दादा, आज शिपाई आले ते मढ्यांशी भांडतायत, तरी ही अवस्था आहे. तेव्हा डोक्यात जिवंत बुरशी होती, गच्च भरलेली. तेव्हा आले असते तर? कवटी हाडाची असते. सुजेला जायला जागा नसते. तुम्ही माझ्याशी भांडायला आला नसता, खांदा द्यायला आला असता."

सुकुमार पलंगावर बसला. पलंग बोलला, तो नाही बोलला. थोड्या वेळाने त्याचा हात माझ्या पायाच्या अंगठ्याला लागला. त्याने तो धरला आणि तसाच धरून बसला. कार्यकर्ते पंख्याकडे बघत उभे होते.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "मी जीव घेतला असता की हो तुमचा."

"वशिल्याने," मी म्हणालो. "रांगेत उभं न राहता."

तो हसला का रडला ते मला नीट दिसलं नाही. दोन सुकुमार होते, बहुधा एक हसला.

त्यांनी पाणी काढलं, सूज उतरायचं औषध दिलं. दिवस गेले तसं पोतं हलकं होत गेलं. एका दुपारी मी डोळे उघडले तर खिडकी एक, पद्मा एक, आणि बाहेर पिंपळावर पाखरं जितकी होती तितकीच. पद्मा सफरचंद कापत होती. मला ते विचारायचंच होतं. मी मान न वळवता स्टँडला म्हणालो, "तिला विचारा, तिला कसं कळलं? मी म्हणत होतो द्या, सख्खा भाऊ म्हणत होता द्या. मग डबी घेऊन ती डॉक्टरकडे का गेली?"

पद्माने सुरी थांबवली नाही.

"पाखरू दिवसभर उडून उतरलं की मुजावरमामा काय करतात?" तिने विचारलं.

मी सांगायला लागलो. हे मी किती वर्षं बघत होतो. पाखरू उतरतं ते पार रिकामं होऊन उतरतं. नवखा मालक आनंदाने त्याच्यापुढे परातभर दाणा आणि पाणी ठेवतो, आणि सकाळी ते पाखरू मेलेलं सापडतं. मुजावरमामा आधी त्याला फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवतात. मग चमच्याने घोटभर पाणी. दाणा कितीतरी उशिरा, तोही मोजका. पाखरू ओरडतं, चोच मारतं, तरी नाही म्हणजे नाही. आणि हे सांगता सांगता मी थांबलो.

कारण हे मी पद्माला घरी सांगायचो. प्रत्येक स्पर्धेनंतर, प्रत्येक वेळी, तेच ते. ती चुलीपुढे पाठ करून भाकऱ्या थापत असायची आणि हूं की चूं करायची नाही. मला वाटायचं मी भिंतीला सांगतोय. तरी सांगायचो. पंचाला ऐकणारा लागतो.

"तू ऐकत होतीस?" मी म्हणालो.

"भाकरी करताना हात गुंततात," ती म्हणाली. "कान मोकळेच असतात."

सफरचंदाच्या फोडी तिने ताटलीत लावल्या. मग सवयीने उशाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, काळ्या पडायच्या आत खा."

पण तिथे स्टँड नव्हता. तो सकाळीच वॉर्डबॉयने दुसऱ्या पलंगाकडे नेला होता. तिच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं, पलीकडचा पेशंट झोपला होता, सुकुमार खाली चहाच्या रांगेत उभा होता. होय, रांगेत. खिडकीतून दिसत होता, पुढे नऊ-दहा माणसं, आणि हा कुणाला फोन न करता उभा.

वॉर्डात बोलण्यासारखं दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

पद्माने ताटली माझ्या मांडीवर ठेवली. "खावा की," ती मला म्हणाली.